एमिल हुडाकचे गुलाब

एमिल हुडाकने उभ्या आयुष्यात कांद्याची पातसुद्धा लावली नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. बागेची हौस बायकोला, डोलोरेसला होती, आणि तीही बोलण्यापुरतीच, कारण दुखण्याने तिला मातीत हात घालू दिला नाही. तिला पुरलं त्या दिवशी आजूबाजूच्या थडग्यांवरची प्लास्टिकची फुलं बघून या गड्याने ठरवलं, हिच्या दगडाशी घरचेच गुलाब ठेवायचे.

वसंतात त्याने रोपं आणली आणि ऊन चांगलं म्हणून नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली. आता याला काय म्हणावं! अख्खा हिवाळा डोलोरेसची खाट त्याच खिडकीला लागून होती, आणि तिचा जीव रमावा म्हणून याच शहाण्याने तिथे हरणांना मका टाकला होता. त्यातली एक फाटक्या कानाची हरिणी तर काचेला नाक लावायची. डोलोरेसने तिचं नाव मेबल ठेवलं, आपल्या खादाड मावशीवरून. स्वतःला दोन चमचे सूप जायचं नाही, पण मेबलचं चरणं बघून ती हसायची. तेवढ्या हसण्यासाठी एमिलने मक्याची पोतीच्या पोती ओतली.

पालवी फुटली आणि मेबल मंडळी घेऊन हजर झाली.

"हिवाळाभर जेवू घातलंस, आता ताटावरून उठवतोस होय?" शेजारचा रे म्हणाला. हरणं वासाने दूर राहावीत म्हणून एमिलने साबणाच्या वड्या टांगल्या. माणसाच्या वासाला हरणं बिचकतात असं ऐकून न्हाव्याकडे केस मागायला गेला, तर न्हावी म्हणाला, "तुझ्याच डोक्यावर असते तर एवढी पायपीट वाचली असती बघ!" केसही टांगले. जाळी लावली, ती मेबलने मान घालून वाकवली.

दर रविवारी तो रिकाम्या हाताने कबरीशी जायचा आणि मोठ्याने तक्रार सांगायचा, "तुझ्या मेबलने आज पुन्हा खाल्लं." तक्रार करतानाही त्याला बरं वाटायचं. दोघांचं काहीतरी अजून चालू होतं.

पण शरदात एक कळी उमलायला आली, चांगली लालभडक, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मेबलने ती खुडली. त्याचा तोल गेला. त्याने हातातला कप भिरकावला. ती जरा मागे सरली आणि पुन्हा येऊन उभी राहिली.

रे कॉफी प्यायला आला तेव्हा शिकारीचा मोसम तोंडावर होता. "घराजवळ गोळी झाडायची तर घरमालकाने हो म्हणावं लागतं," तो म्हणाला. "म्हणतोस?"

"म्हणतो."

"माझ्याकडे मादी मारायचा परवाना आहे. कुठलीही चालेल ना?"

फाटक्या कानाची सोडून, असं एमिलच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या गावात पोरांना दात येतात तेच हरणाचं मटण खायला. मावशीच्या नावाच्या हरिणीसाठी रदबदली केली असती तर रेने ती गोष्ट गावभर केली असती. लाज वाटली त्याला.

"कुठलीही," तो म्हणाला.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी, बाकीची हरणं रेची चाहूल लागताच उधळली. एकच खिडकीकडे तोंड करून मक्याची वाट बघत थांबली. एमिल काचेच्या आत उभा होता. त्याने काच ठोकली असती तरी ती पळाली असती. त्याने ठोकली नाही.

"इतकी सोपी शिकार जन्मात केली नाही बघ," रे म्हणाला. "पळालीच नाही येडी!" रिवाजाप्रमाणे घरमालकाचा वाटा म्हणून त्याने तिच्या मटणाची सॉसेज आणून दिली, आणि तो समोरच बसलेला म्हणून एमिलने एक खाल्लंही.

"छान झालंय," एमिल म्हणाला.

त्या रविवारी कबरीशी जाऊन त्याने दगडावरची पानं झटकली. मग तो म्हणाला, "मेबल ना? बरी आहे. काल आली होती." एकदा बोललेलं खोटं हिवाळाभर पुरवावं लागलं. दर रविवारी मेबल बरीच असायची.

पुढच्या उन्हाळ्यात खिडकीखाली एकही हरीण फिरकलं नाही. गुलाब असे फुलले की जाणारे-येणारे गाडी थांबवून बघत. एमिलने सकाळी ओंजळभर कापले, एका पाकळीलाही डाग नव्हता, आणि दफनभूमीच्या फाटकाशी गाडी उभी करून तो नुसता बसून राहिला. इतके धड गुलाब बघून डोलोरेसला काय ते कळलंच असतं. तिच्यापासून जन्मात काही लपलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने जुडी मांडीवर घेतली. चांगल्या उमललेल्या तीन-चार फुलांची डोकी मुरगाळून काढली, पानं ओरबाडली, देठ चावल्यासारखे चुरगाळले. मग जाऊन ती जुडी दगडाशी ठेवली.

"थोडे तिने खाल्ले," तो म्हणाला. "उरलेले तुला आणलेत."