लिंबाखाली थांबणारी बस

बजाजनगरातून बिडकीनला जाणारी आमची सकाळची बस थांब्यावर कधी थांबायचीच नाही. थांब्याला पाटी होती, सावली नव्हती. म्हणून आम्ही बाया थोडं पुढं लिंबाखाली उभ्या राहायचो आणि ड्रायव्हर बस तिथंच आणायचा.

या रीतीनंच घात केला. प्रवासी मोजायला आलेला माणूस नियमाप्रमाणं थांब्यावर उभा राहिला, त्याला चिटपाखरूही दिसलं नाही. बस बंद करायचं ठरलं. मी बिडकीनच्या दवाखान्यात नर्स. रिक्षा बदलत गेलं तर हजेरीची वेळ गाठता येत नाही. म्हणजे बस गेली की नोकरीही गेली.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. तेव्हा स्टेशनाजवळ एक जुनं वाफेचं इंजिन रंगवून, वर छानसं छप्पर घालून ठेवलं होतं. बसच्या साहेबांना मी तोंडावर विचारलं, "जे इंजिन कुठंच जात नाही त्याला छप्पर, आणि रोज कामाला जाणाऱ्यांना ऊन?" साहेब हसले, पण पुन्हा मोजायला कबूल झाले. दिवस मिळाला तो नेमका इंजिनाच्या उद्घाटनाचा.

आता आली का पंचाईत! माझे बाबा तसल्याच इंजिनावर फायरमन होते. त्यांनी भट्टीत टाकलेल्या कोळशावर आम्ही भावंडं वाढलो. उद्घाटनाला त्यांना मानानं बोलावलं होतं आणि मीच नेणार होते. "बाबा, तुम्ही रिक्षानं जा," मी म्हटलं. मला फार वाईट वाटलं.

मोजणीच्या सकाळी आम्ही सगळ्या भर उन्हात थांब्यावर उभ्या. सवयीनं दोघी-तिघी लिंबाकडं सरकल्या, त्यांना मी दंडाला धरून मागं आणलं. तेवढ्यात बाबा आले. अंगात उद्घाटनासाठी काढलेला इस्त्रीचा पांढरा सदरा. येऊन माझ्यामागं उभे राहिले.

"बाबा, तिकडं तुमची वाट बघतील."

"बघू दे. इंजिन काय पळून जातंय व्हय? बस जाईल."

बस आली आणि सवयीनं सरळ लिंबापाशी गेली. आम्ही जागच्या हललो नाही. शेवटी ड्रायव्हरनं ती मागं घेतली. मोजणाऱ्यानं एकेकाला टिपून घेतलं, आणि ती बस आजही चालू आहे.

बाबा खिडकीशी बसले. कंडक्टरनं विचारलं, "काका, कुठं?"

"बिडकीन," बाबा ऐटीत म्हणाले. बिडकीनला त्यांचं काहीएक काम नव्हतं.