रानभेंडीच्या फुलाचा रंग

२९ ऑगस्ट १८६४, सकाळचे सहा. बाळापूरच्या वाटेवरील एका कपाशीच्या शेतात, धुऱ्यालगत, म्हणजे बांधाच्या कडेला, मी रानभेंडीच्या झुडपापुढे बसलो. फूल नुकते उमलले होते. पांढरे, आत जांभळा डाग. तशी नोंद केली.

अमरावतीचे डॉक्टरसाहेब वऱ्हाडातील रानवनस्पती वाळवून कागदांवर चिकटवीत. अकोल्याकडची झाडे गोळा करून त्यांच्या चिठ्ठ्या लिहिणे हे माझे काम. रानभेंडीच्या एका चिठ्ठीवर मी फूल पांढरे लिहिले होते, दुसरीवर गुलाबी. दोन्ही कागद परत आले. सोबत निरोप: झाड एक आणि रंग दोन, नीट पाहून लिहावे, अन्यथा दुसरा कारकून पाहण्यात येईल. वाळलेली फुले दोन्ही सारखीच तपकिरी, तेव्हा पुरावा उरला नव्हता. पहिले सकाळी तोडले होते, दुसरे सायंकाळी, इतके आठवत होते. म्हणून दिवसभर बसून पाहण्याचे ठरविले.

नऊ वाजता निंदणाऱ्या बाया आल्या. त्या वर्षी कापसाला असा भाव होता की धुऱ्यावरही कोणी तण ठेवीत नसे. त्यांच्या म्होरकीने झुडपाला खुरपे लावले. मी हात आडवा केला.

"काहून बाप्पा, तण राखून राहिले काय?"

"संध्याकाळपर्यंत असू दे. माझी नोकरी याच्यावर आहे."

"पाहा वो बायांनो, यायची नोकरी तणावर अन् आपली तण काढाच्यावर." बाया हसल्या. "मालकाले काय सांगू मी?"

"माझे नाव सांग."

"नावानं शेत निंदत नाही. ही ओळ तुमी निंदा, मंग राहू देते."

मी कोट उतरविला आणि खुरपे घेतले. दहा पावलेही गेलो नसेन.

"बाप्पा, ते कपाशी होय."

त्यानंतर प्रत्येक रोप तिला विचारून उपटले. ही बाब साहेबांना कळविली नाही.

मधूनमधून उठून फूल पाहत होतो. दोन वाजता पाकळ्यांच्या कडा गुलाबी झाल्या. पाचपर्यंत सगळे फूल गुलाबी होऊन मिटले. म्होरकीही पाहावयास आली.

"इतकंच पाहाचं होतं? आमाले इचारलं असतं तं सकाळीच सांगतलं असतं."

विचारावयास हवे होते, हे खरे.

चिठ्ठीवर लिहिले: 'सकाळी पांढरे, सायंकाळी गुलाबी, फूल एकच. समोर बसून पाहिले.' हा कागद पुढे परत आला नाही.

त्याच सायंकाळी झुडूप मुळासकट उपटले, माती झटकली, कागदांत पसरून ठेवले आणि दोन फळ्यांमध्ये दाबून दोरी आवळली.