जगतापसरांची मंडळी

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी जगतापसर त्यावर दोन टिचक्या मारत आणि विचारत, "मंडळी, येऊ का?" नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कोणी माणूस अडकलाय. आत गाईचे भ्रूण होते, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नव्हते. उत्तर अर्थातच येत नसे. तरी सर क्षणभर थांबत आणि मगच दार उघडत.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. नवी मुंबईत, नेरुळजवळच्या शिरवणे गावाच्या कडेला कारखान्यांच्या ओळीत आमचा गाळा होता. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला नटबोल्टचा, आणि मध्ये आम्ही काचेच्या बशीत वासरं सुरू करत होतो. मागच्या शेडमधल्या एका गीर गाईचं बीज काढायचं, बशीत त्याचं फलन करायचं, सात दिवस वाढवायचं आणि तो भ्रूण दुसऱ्या, साध्या गाईच्या पोटात ठेवायचा. त्या गाईचा माज बरोबर सात दिवसांपूर्वी येऊन गेलेला असला पाहिजे. गावठाणातल्या कोणाची गाय कधी माजावर आली हे सरांना त्या घरातल्या माणसांच्या आधी कळे.

सर साताऱ्याकडचे, जनावरांचे डॉक्टर. पन्नाशीचे, काटकुळे, आणि काहीही सांगताना रेडिओवर हवामान सांगावं तसे सांगत. मी बँकेच्या परीक्षेत नापास झाले होते म्हणून तिथे होते. सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "बरं झालं. पास झाला असता तर आमचं नुकसान झालं असतं." ते विनोद करत होते की नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

"ताजा भ्रूण म्हणजे तव्यावरची भाकरी," ते म्हणत. "ताटावर कोणी बसलं असेल तरच थापायची." गाय तयार नसली तर भ्रूण नळीत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवावा लागे. तिथे तो वर्षानुवर्षं राही. पण त्या काळात बशीत वाढवलेले भ्रूण गोठवून पुन्हा वितळवले की बहुतेक दगा देत. सरांचा हात इतका स्थिर की सूक्ष्मदर्शकाखाली ते भ्रूण उचलत तेव्हा मी श्वास धरून बसे आणि ते मात्र मला भाजीचा भाव विचारत. तरी दोन वर्षांत एकही वासरू जन्मलं नव्हतं. बेलापूरच्या ऑफिसातल्या साहेबांनी शेवटी कळवलं, वर्ष संपायच्या आत एक तरी गाय गाभण दाखवा, नाहीतर गाळा बंद. सोबत नवी रसायनं मागवणंही बंद केलं आणि गीर गाय विकून टाकली.

उरला एक भ्रूण. पण तो असा देखणा, की सरांनी मला दोनदा बोलावून दाखवला. गावठाणात त्या दिवशी चालेल अशी गाय एकच होती: यमुनाकाकी म्हात्रे यांची ढवळी बरोबर सात दिवसांपूर्वी माजावर आली होती. काकी आधीपासून तयार होत्या. सरांनी भ्रूणाची नळी बनियनच्या आत पोटाशी धरली, मी स्कूटर चालवली, आणि आम्ही काकींच्या दारात उभे राहिलो.

काकी गोठा सारवत होत्या. "डॉक्टर, आज नाय," त्या म्हणाल्या. "पित्रांचा पंधरवडा हाय. आमचे धन्याचा पयलाच वरीस. चार दिसांनी त्यांची तिथी, त्यांचे नावाचा घास हिलाच द्यावाचा हाय. तवर हिला सुई-नळी लावाची नाय. घास खाल्ला का मंग कवाबी या."

"काकी, पाच मिनिटांचं तर काम आहे," मी म्हणाले.

"बाय, ही गाय त्यांनी आनलेली. सरकारनी जमिनी घेतल्या, त्यांचा पैसा आला तवा सगल्यांनी गाड्या घेतल्या, यांनी गाय घेतली."

मी पुढचं बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या माजाला येतो." मग त्यांनी चहा घेतला. पोटाशी भ्रूण धरून माणूस इतका सावकाश चहा पिऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

स्कूटरवर मी चिडून विचारलं, "सर, गाळा बंद होईल हे त्यांना सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तिनं घास बाजूला ठेवला असता," सर म्हणाले. "म्हणून नाही सांगितलं."

भ्रूण गोठवला. ढवळी पुन्हा माजावर आली, सात दिवस झाले, आणि सरांनी काकींच्या ओटीवर सूक्ष्मदर्शक मांडून नळी वितळवली. बराच वेळ पाहिलं. मग मला पाहायला सांगितलं. भ्रूण फुटला होता.

काकींचा चेहरा पडला. "माज्यामुलं झाला का? त्या दिशी थांबवला म्हनून?"

"छे," सर म्हणाले. "गोठवताना माझा हात चुकला. दिवसाचा काही संबंध नाही."

हात चुकला नव्हता. गोठवताना मी शेजारीच उभी होते. पण सरांनी ऑफिसला पाठवलेल्या अहवालातही तेच लिहिलं, स्वतःच्या अक्षरात. "गावातल्या बाईनं अडवलं असं लिहिलं, तर साहेब उद्या तिच्या दारात जाऊन तिला शास्त्र शिकवतील," एवढंच मला म्हणाले. साहेबांना आयतं कारण मिळालं. डिसेंबरात गाळ्याला कुलूप लागलं. सर साताऱ्याला परत गेले, सरकारी दवाखान्यात म्हशींना लसी टोचू लागले, आणि पाच-सहा वर्षांनी तिकडेच वारल्याचं कळलं. मला रडू आलं, आणि रागही आला. तो अजून गेलेला नाही.

यमुनाकाकी आता थकल्यात. मी नेरुळलाच राहते, म्हणून कधीमधी जाते. सरांचा विषय निघतोच.

"डॉक्टर मानूस सोन्यासारका," त्या म्हणतात. "पन हाताला गुन नव्हता, बाय."

मी "नव्हता," म्हणते.