दहाव्याचा वस्तरा

मुलांनो,

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला, माझ्या मुलालाही नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण त्या भाषेत मी फार नीटनेटकं लिहिते. म्हणून मराठीत. आई वाचून दाखवील.

बाबाच्या डोक्यावर मागे जी गुळगुळीत जागा आहे, ती जन्मापासूनची नाही. कॉलेजात असताना तिथे गाठी यायच्या, पिकायच्या, फुटायच्या. जखम भरली की व्रण उरायचा आणि तिथले केस कायमचे जायचे. सगळी औषधं करून झाली. शेवटी इथे पुण्यातच सर्जननी तिथली कातडी काढून मांडीची लावली. छान भरून आली. ऑपरेशनचा नातेवाइकांना पत्ता नव्हता. टोप्या मी आणायचे, शर्टाला शोभतील अशा — मी व्यवस्थित होते ना.

काही वर्षांनी आजोबा गेले. बाबा तेव्हा तिकडे परदेशात नोकरीला. अग्नी पुतण्याने दिला. पण दहाव्याला पोचतो, असं बाबा फोनवर म्हणाला. तिकीटही काढलं होतं. दहाव्याला मुलाचं डोकं भादरतात — ओंकारेश्वराच्या घाटावर, उघड्यावर, सगळ्या सासरच्या माणसांसमोर.

मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन केला होता. वस्तरा लागला तर लावलेली कातडी निघेल म्हणाले. येऊ नकोस."

फोन मी केलाच नव्हता.

का? ते डोकं मला बघवलं नसतं — नाही, खरं लिहिते. लोकांनी ते बघितलेलं मला बघवलं नसतं.

तो "बरं" म्हणाला. वडिलांच्या दहाव्याला आला नाही.

मी सगळ्यांना सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. वन्सं, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण, म्हणाल्या, "खरंय. बाप काय, दरवर्षी मरतो. पुढच्या वेळी येईल." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. काय वाटलं तेव्हा? काही वाटल्याचं आठवत नाही.

मागच्या खेपेला तुम्ही इथे आलात तेव्हा त्यांचा तो टोमणा तुम्हीही ऐकलात आणि मला विचारलंत, बाबा का नव्हता आला? मी तुम्हालाही तेच सांगितलं — सुट्टी नव्हती. बाबा तिथेच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

हल्ली तो स्वतःच डोक्यावर रेझर फिरवतो, रोज. मला कधी काही विचारत नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला हाक मारायला वळला की मागची जागा दिसते. कातडी कुठेही निघालेली नाही.