वहीतलं शेवटचं नाव

सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारा, त्याचा आजोबा तेलंगणातून चालतच आलेला असतो. बैलगाडीत बसून आलेला आजोबा मला अजून भेटलेला नाही. आमचेही चालतच आले म्हणे, मागाची फणी पाठीला बांधून. पण कुठल्या गावाहून, ते नायनांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगता येत नव्हतं. चाळीस वर्षं लूमवर टॉवेल विणून त्यांचे कान गेले, गुडघे गेले, आणि म्हातारपणी त्यांनी एकच धोशा लावला. आपलं गाव शोध आणि वहीत माझं नाव घालून दे.

वही म्हणजे वंशावळीची. आम्हा विणकरांची कुळं लिहून ठेवणारी काही घराणी तिकडे आहेत. पूर्वी ती माणसं अधूनमधून सोलापुरात यायची, घरोघर बसून नवी नावं लिहून घ्यायची. नायना जन्मायच्या आधीच ती आमच्याकडे यायची थांबली. त्यामुळे आजोबांच्या पुढं आमचं पान कोरंच राहिलं.

शोधाशोध अर्थातच माझ्या गळ्यात पडली. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून या घरातलं सगळं माझ्याच गळ्यात पडतं. भावंड तर कुणी नाहीच. आजोबांच्या लग्नाची फाटकी तेलुगू पत्रिका, जातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणं, गोत्र जुळतं पण आडनाव भलतंच असली माणसं. वर्षभराच्या सुट्ट्या त्यात गेल्या. शेवटी तेलंगणातल्या एका खेड्यात वही सापडली, आणि मी नायनांना घेऊन गेले.

वहीवाला वयस्कर आणि सभ्य होता. सात पिढ्यांची नावं त्यानं चालीवर म्हणून दाखवली. आजोबांचं नाव आलं तसे नायना रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू. मग त्यानं आजोबांखाली नायनांचं नाव लिहिलं आणि विचारलं, मुलगे किती?

मी म्हटलं, मी आहे.

मुली सासरच्या वहीत जातात, असं त्यानं समजुतीनं सांगितलं. मी म्हटलं, सासर सुटून बारा वर्षं झाली, तिथं मला कोण लिहिणार? त्याला वाईट वाटलं असावं. अशा वेळी नावाखाली आडवी रेघ मारतात, म्हणाला, म्हणजे हे कूळ इथं थांबलं. पण हल्ली काही लोक मुलीचं नाव घालून घेतात. तुम्ही म्हणाल तर मीही घालतो.

त्या क्षणापर्यंत मला ते हवं आहे हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"रेघ मारा," नायना आमच्या तेलुगूत म्हणाले. "पद्धत मोडू नका."

त्यानं पट्टी धरून रेघ मारली. शाई वाळावी म्हणून नायनांनी स्वतः पानावर फुंकर घातली. परतीच्या वाटेवर ते लहान मुलासारखे बडबडत होते. तू होतीस म्हणून हे झालं, असंही म्हणाले. मला राग आला होता. अजून आहे. त्यांच्या गोळ्या काढून देताना, आंघोळीचं पाणी काढताना तो असतोच.

मागच्या आठवड्यात त्यांनी शेजाऱ्याला त्या पानाचा फोटो दाखवला. खाली रेघ कसली, त्यानं विचारलं.

"माझ्यामागं कुणी न्हाई की," नायना म्हणाले, आणि मला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं.