हातावरचं दुसरं दही

नातीला इंदूरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, असं आमच्या उज्जैनच्या, माधव नगरातल्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथंच उभा होतो. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली. मग माझ्या मुलाला हळूच म्हणाले, "हृदयाच्या पडद्याला छेद असावा. घाबरायचं कारण नाही, पण ही इथं ठेवायची केस नाही. इंदूरला लहान मुलांच्या हृदयाचे तज्ज्ञ आहेत, तिकडं रेफर करतो."

पोर पाच वर्षांची. स्टुलावर बसून पाय हलवत होती. जिना चढताना मध्येच बसायची, तर आम्ही म्हणायचो आळशी आहे. सर्दी हटायची नाही, तर म्हणायचो हवा बदलली.

मी चौथीपर्यंत शिकलो. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत माझं कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्तीचं दुकान आहे. कुकर कुठून वाफ सोडतो ते मला नुसता हात फिरवून कळतं. छेद म्हटल्यावर माझा हात आपोआप पुढं झाला होता. पण या कामात हात कुठं लावणार?

क्लिनिकच्या पायऱ्या उतरता उतरता मुलानं फोन काढला. मला वाटलं आईला करतो आहे, ती बिचारी घरी वाट बघत होती. तर फोनवर पहिला शब्द काय? "पप्पा."

पप्पा म्हणजे त्याचा सासरा, माझा व्याही. सख्खा बाप हाताच्या अंतरावर उभा आणि पोरगा रस्त्यात थांबून सासऱ्याला विचारतो आहे, "आता काय करायचं?" माझं डोकं तिथंच फिरलं. म्हटलं, "मी काय मेलोय?" तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला इंदूरचे डॉक्टर माहीत आहेत का?" नव्हते माहीत. पण विचारायला काय जात होतं?

व्याही इंदूरला राहतात. बँकेतून साहेब म्हणून रिटायर झाले. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटेच. सकाळी पांढरे बूट घालून फिरायला जातात, इंग्रजी पेपर वाचतात, आणि काही झालं तरी त्यांचा आवाज चढत नाही. मला त्यांची सर्वांत जास्त चीड त्या आवाजाची. संध्याकाळपर्यंत त्यांनी डॉक्टर शोधला, नंबर लावला, आणि मुलाच्या मोबाइलवर हृदयाचं लाल-निळं चित्र पाठवलं. मुलगा माझ्यापुढं चित्र धरून समजवायला लागला.

"वॉल्वचं मला कोणी शिकवायचं नाही," मी म्हणालो.

"बाबा, वॉल्व नाही. पडदा आहे हा."

"तेच ते."

तेच नव्हतं, हे मलाही कळत होतं.

त्यानंतरचे दिवस घरात सगळे फोनला चिकटलेले. पप्पा असं म्हणाले, पप्पा तसं म्हणाले. मी दुकानात बसायचो आणि एकच कुकर दोनदा उघडायचो. काळजी छातीत बसते आणि जळफळाट पोटात, एवढाच फरक मला करता यायचा. कधी कधी तोही नाही. नात मात्र रोजच्यासारखी दुकानात येऊन जुन्या शिट्या दोरीत ओवायची. तिच्या पाठीवर हात ठेवला की आत धडधड लागायची आणि मी हात काढून घ्यायचो.

इंदूरला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला नेलंच नाही. डॉक्टर म्हणाले, वरून नीट दिसत नाही, भूल देऊन घशातून नळी घालून आतून बघावं लागेल, मगच ठरेल की छाती उघडायची की नाही. छाती उघडायची हे ऐकून आमची ही देवासमोर जाऊन बसली. मी म्हणालो, या वेळी मी येणार.

सून म्हणाली, "बाबा, कशाला दगदग? पप्पा आहेत ना तिथं."

पप्पा आहेत म्हणूनच मी जाणार होतो. पण तसं बोललो नाही.

आदल्या दिवशी जायचं, व्याह्यांकडं मुक्काम, सकाळी हॉस्पिटल, असं ठरलं. न्यायला व्याह्यांनी आपली गाडी पाठवली. मी म्हटलं, मी बसनं येतो. मुलगा म्हणाला, "अहो गाडीत जागा आहे." असू दे जागा. नानाखेड्याच्या स्टँडवरून बस धरली आणि सगळा रस्ता खिडकीच्या उन्हात तापत गेलो. इंदूरला उतरलो तर समोर व्याही, छत्री घेऊन उभे.

"या व्याहीबुवा. म्हटलं, रिक्षावाले उगाच फिरवतील."

"मला कोण फिरवतो!" मी म्हणालो. पण पिशवी त्यांनी घेतलीच.

घरी जाऊन बघतो तर पोर खेळण्यातली नळी गळ्यात अडकवून बाहुलीला तपासते आहे. ती नळी नानूंनी आणलेली. नानू म्हणजे हे व्याहीच. रोज व्हिडिओवर ते पेशंट व्हायचे आणि ही डॉक्टर, म्हणजे तिला हॉस्पिटलची भीती वाटू नये. किती हुशारी! मी पिशवीतून शिट्यांची माळ काढून तिच्यापुढं धरली. "आबा, अभी नहीं, ऑपरेशन चल रहा है," ती म्हणाली. मी माळ परत पिशवीत ठेवली.

हॉस्पिटलातून सिस्टरनं फोनवर बजावलं होतं, बच्ची को एकदम खाली पेट लाना. सकाळी घरात कोणी तिच्यासमोर चहासुद्धा घेतला नाही. मुलगा आणि सून फाइल आणि चादरी घेऊन गाडी काढायला खाली गेले. वर दाराशी आम्ही दोघं म्हातारे आणि मध्ये पोर.

तेवढ्यात व्याही आत गेले आणि दह्याची वाटी घेऊन आले. म्हणाले, "हिच्या आजीनं कधी कोणाला दह्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. आज ती नाही, तर मीच देतो." तिचा उजवा हात पुढं घेतला, बोटाच्या टोकाएवढं दही, वर चार दाणे साखर. तिनं चाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊन ये सरळ."

आमच्या घरांत हे असंच असतं. परीक्षेला जा, नोकरीला जा, कोर्टात जा, निघताना हातावर दही. हातावरचं दही म्हणजे खाणं नाही, निघणं आहे. बँकेतल्या साहेबाच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच होतं. पोर माझ्या घरची, आडनाव माझं, आणि आज एवढ्या मोठ्या कामाला निघताना दही यांच्या हातचं?

"थांबा," मी म्हणालो. "माझं राहिलं."

"झालं की व्याहीबुवा. दही एकदाच देतात."

"तुमचं झालं. माझं कुठं झालं?"

मी वाटी घेतली. चमचा भरून दही तिच्या हातावर ठेवलं, वर साखर घातली, जरा हात सैल सोडूनच. पोर सकाळपासून भुकेली. डोळे चमकले तिचे.

"आबा, दो बार?"

"हो. एक नानूंचं, एक आबांचं."

तिनं तळहात चाटून साफ केला. मला फार बरं वाटलं. लिफ्टमधून उतरताना मी व्याह्यांच्या पुढं उभा राहिलो.

हॉस्पिटलात तिला छोटा निळा झगा घातला. सिस्टर कागद घेऊन आली. "कुछ खिलाया-पिलाया तो नहीं?"

"बिलकुल नहीं सिस्टर," मुलगा म्हणाला.

"पानी भी नहीं," सून म्हणाली.

मी व्याह्यांकडं पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडं. आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं असावं. मी फरशीकडं बघत बसून राहिलो. ते मात्र उठून उभे राहिले. "सिस्टर, दही दिया है. घर से निकलते समय, ज़रा सा. मैंने दिया."

"पप्पा!" सून ओरडली. मी तिला बापावर ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. खोटं कशाला बोलू, ऐकून आत कुठंतरी गार वाटलं.

डॉक्टरीण बाई आल्या, तरुणच होत्या. "कितना था?"

"बस, उँगली पे."

"मग भूल देणाऱ्या सरांना विचारते. थोडं थांबून घेता येईल बहुतेक," त्या मराठीतच म्हणाल्या.

आणि मग काय बघतो? सून रडत बापाजवळ गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे पप्पा. आईची आठवण आली असेल तुम्हाला." मुलानं त्यांना खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. चूक करूनही मान यांनाच! आणि त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मला पाठीशी घातलं होतं. मला! मी जन्मात कोणाच्या पंखाखाली उभा राहिलो नाही, आणि आता या पांढऱ्या बुटांच्या मागं लपू?

"मैडम," मी म्हणालो, "मेरा भी था."

"क्या?"

"दही. यांचं बोटावर मावेल एवढं होतं. माझं चमचाभर. साखर वेगळी."

"बाबा!" मुलगा म्हणाला. व्याह्यांनी डोळे मिटले. पलंगावरून पोरीनं साक्ष दिली, "हाँ, आबा का ज़्यादा था."

बाईंचा चेहरा बदलला. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "चमचाभर असेल तर आत्ता नाहीच करता येणार. सहा तास थांबावं लागेल. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं." नंबर सगळ्यात शेवटी टाकून त्या गेल्या.

पोरीच्या जिवासाठी बोललो असतो तर आज छाती पुढं काढून सांगितलं असतं. पण मी बोललो ते त्या माणसाचा मोठेपणा बघवला नाही म्हणून.

सुनेनं आम्हा दोघांना खोलीतून हाकललं. "तुम्ही दोघं बाहेर बसा. आणि कृपा करून तिला काही देऊ नका." आम्ही लिफ्टसमोरच्या बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. आतून पोर रडत होती, "भूख लगी, मम्मा, भूख लगी." रडताना धाप लागायची तेव्हा आवाज तुटायचा. तो तुटला की आम्ही दोघंही दाराकडं बघायचो.

बऱ्याच वेळानं व्याही म्हणाले, "तुम्ही बोलला नसता तर त्यांनी हिला तशीच आत घेतली असती."

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला. तो चढ-उतार नसलेला आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मला सगळे विचारतात, पप्पा काय करायचं. मला काय माहीत काय करायचं? मी पण फोनमध्येच बघतो."

मी पिशवीतल्या शिट्यांच्या माळेशी चाळा करत होतो.

"तुमचं ते कसलं दुकान आहे हो?" त्यांनी एकदम विचारलं. "शिट्यांचं?"

"कुकरचं. का?"

"रोज व्हिडिओवर येते, आणि दोन मिनिटं झाली नाहीत की म्हणते, नानू रखती हूँ, आबा के साथ दुकान जाना है. फोन ठेवला की घरात पंख्याचा आवाज येतो तेवढाच."

मी चेहरा होता तसाच ठेवला. पण बाकावरची मधली जागा फार मोठी वाटायला लागली, म्हणून पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडा सरकलो. "चहा घेता?" मी विचारलं. "पोर उपाशी आहे," ते म्हणाले. मग मीही नाही घेतला. त्यांनी घेतला नाही तर मी कसा घेईन?

दुपार कलल्यावर तिला नेलं. आईबापांना दारापर्यंत, आम्हाला तेवढंही नाही. काचेचं दार बंद झालं आणि आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे. वॉर्डबॉय म्हणाला, "अंकल, काँच से हटिए." दोघांनाही एकच अंकल!

बाई बाहेर आल्या त्या हसतच. छेद होता, चांगला मोठा होता, पण कडा भक्कम होत्या. छाती उघडायची गरज नाही, पायाच्या शिरेतून छत्रीसारखं बूच नेऊन बसवता येईल. "वायसर, कुकरला बसवतो तसं," मी म्हणालो. "असंच समजा आजोबा," त्या म्हणाल्या. व्याह्यांना हे आधी सुचलं नव्हतं, हे मी बघून घेतलं.

महिन्याभरानं ते बूच बसलं. आता पोर आमचा जिना न थांबता चढते आणि वरून मला हाका मारते.

पण बूच बसवायच्या दिवशीचं निघणं सांगायचं राहिलं. त्या वेळी मी हट्ट धरला की निघायचं ते उज्जैनहून, माझ्या दारातून. व्याही आदल्या दिवशीच आमच्याकडं आले, बसनं. मी नानाखेड्याला आणायला गेलो, छत्री घेऊन. सकाळी पोरीला आईनं कडेवर घेऊन थेट गाडीत बसवलं आणि आमच्याकडं असं बघितलं की आम्ही दोघंही हात मागं बांधून उभे राहिलो. गाडीची दारं लागली. आमची ही दह्याची वाटी घेऊन उंबऱ्यात तशीच उभी. कोणाला तरी दिल्याशिवाय निघायचं कसं?

मी वाटी घेतली आणि व्याह्यांना म्हणालो, "हात पुढं करा." त्यांनी केला. मी चमचाभर दही ठेवलं, साखर घातली. त्यांनी खाल्लं, डोळे टिपले, आणि वाटी माझ्याकडून घेऊन म्हणाले, "आता तुमचा."

माझ्या हातावर त्यांनी दोन चमचे ठेवले.