सळयांवरची टोपरी

मी बाळंतविडे विणायचे. रोह्यात आणि आजूबाजूच्या गावांत कुणाकडे पाळणा हलायचा असला की माझ्याकडे निरोप यायचा. टोपरं, मोजे, झबलं, दुपटं. लोकर पेणच्या बाजारातून आणायची आणि सातवा महिना लागल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही, एवढा एक नियम मी पाळत आले. स्वतःच्या सुनेला दिवस गेले तेव्हाही पाळला.

सून पेणची. तिचे वडील गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. मुलगी त्यांच्यासारखीच, कमी बोलणारी आणि हाताची स्थिर. मुलगा माझा रोह्याजवळच धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये. घरात आम्ही तिघंच. लोकरीचा रंग तिनेच सांगितला. "पिवळी आणा, आई. काय पण झालं तरी चालंल."

आषाढातल्या एका दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. रोह्यातल्या डॉक्टरांनी दुपारपर्यंत वाट बघितली आणि मग म्हणाले, बाळाचे ठोके कमी होतायत, इथे थांबू नका, पुढे पेणला न्या. अँब्युलन्स मिळाली. मी तिच्या उशाशी बसले. नागोठण्यापर्यंत सगळं ठीक होतं. हायवेला लागल्यावर गाडी जी हेलकावे खायला लागली, त्यात तिच्या तोंडून आवाजही फुटेना. गडब गावाच्या अलीकडे अर्धवट उड्डाणपूल आहे. त्याच्या कडेच्या खड्ड्यात एक ट्रेलर आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या.

मुलगा धाटावहून बाईक मारत आला. कंपनीचा युनिफॉर्म, डोक्यावर हेल्मेट तसंच. बाईक चिखलात टाकून तो अँब्युलन्सच्या पुढे धावत सुटला. एकेका गाडीच्या काचेवर हात आपटून म्हणत होता, "जरा बाजूला घ्या, बायको हाय आत." लोक वाईट नव्हते. उतरले, त्यांनी हातवारे केले, दोन-चार गाड्या इंच इंच सरकवल्या. बाजूला घ्यायला जागाच नव्हती. थोड्या वेळाने ड्रायव्हरने सायरन बंद केला. त्या आवाजाचा कुणालाच उपयोग नव्हता.

सून खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर पुलाच्या खांबांचे पाये होते. वर खांब चढलेच नाहीत, नुसत्या सळया उभ्या, गंजून लाल झालेल्या. कितीतरी पावसाळे त्या तशाच उभ्या आहेत. तिने माझं मनगट धरलं होतं. मग तिची पकड सैल झाली आणि ती म्हणाली, "आई, आता हलत नाय."

पेणला पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मुलगी होती. सून कशीबशी वाचली.

घरी आल्यावर ती रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. पाणी द्यायचं, पाठीवर हात फिरवायचा. ती ओटीवर बसून राहायची, समोर वाढलेलं ताट तसंच परत जायचं. दूध आलेलं अंग घेऊन फिरताना तिला बघणं मला सहन व्हायचं नाही आणि दुसरीकडे बघणंही जमायचं नाही. मुलगा एका शिफ्टला जोडून दुसरी करायला लागला. घरी यायचा तो झोपण्यापुरता.

एक दिवस तिने कपाटात मागे सारलेला पिवळा संच काढला आणि टोपरं हातात धरून म्हणाली, "हे कसं करायचं ते दाखवा."

मी दाखवलं. क्रोशाचे टाके, साखळी, खांब, मुका खांब. हात स्थिर होता, पटकन बसलं तिला. मला वाटलं, बरं झालं, मन कशात तरी गुंतलं. पण ती दुसरं काही विणेना. टोपरंच. एक झालं की दुसरं. उरलेल्या लोकरीचे सगळे रंग तिने संपवले. मी विचारलं, "कुणासाठी गो एवढी?" तिने पुढची साखळी घातली. रात्री मी जागी राहायला लागले. ही काय करून घेईल याची भीती वाटायची.

श्रावणात ती म्हणाली, माहेरी जाऊन येते. एसटीत बसली. दुपारी शेजारच्या काकूंनी त्यांच्या मोबाईलवर एक फोटो दाखवला, कुणीतरी ग्रुपवर टाकलेला. गडबच्या त्या सळया आणि त्यांच्या टोकांवर लोकरीची टोपरी. लाल, निळी, पांढरी. मधे एक पिवळं. खाली लिहिलं होतं, हा काय प्रकार आहे? काकूंना कळलं नाही. मी माझा टाका ओळखला.

मी मिळेल त्या रिक्षाने निघाले. ती तिथेच होती, खांबाच्या पायाच्या काँक्रीटवर बसलेली, पिशवी मांडीवर. पाऊस भुरभुरत होता. टोपरी भिजून जड झाली होती आणि गंजाचं पाणी त्यांच्यातून खाली उतरत होतं.

"हे काय गो केलंस?"

"ती हितंच गेली, आई. पेणला नाय. पेणला नुसतं लिहून घेतलं." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "एवढी माणसं रोज जातात. खड्डा आला की शिव्या देतात, खड्डा गेला की विसरतात. हे दिसंल त्यांना."

तिच्या पिशवीत अजून काही टोपरी होती. एक मी उचललं आणि सळईवर चढवलं. घट्ट बसेना, म्हणून खालून नाडीची गाठ मारली. मला काही विचार सुचला म्हणून नाही. तिला एकटीला तिथे बसलेली बघवेना.

पुढच्या आठवड्यात बायका यायला लागल्या. कुणी ह्याच रस्त्यावर नवरा गमावलेली, कुणी भाऊ. माझ्याकडे विणकाम शिकलेल्या दोघीतिघी आल्या. येताना प्रत्येकीने एक टोपरं आणलेलं, मोठ्या माणसासाठीही टोपरंच. चढवायचं, गाठ मारायची, एसटीला हात करायचा.

फोटो फिरत राहिले आणि मग सुरू झालं. लेकरांचे कपडे लोखंडाला टांगलेत, ही करणी आहे, असं गावागावात बोललं जाऊ लागलं. एका पुढाऱ्याने सांगितलं, विरोधकांनी पैसे देऊन बायका बसवल्यात. मग विरोधकच आले, गाडीतून, आपल्या पक्षाच्या रंगाची लोकर घेऊन. सुनेने त्यांची पिशवी त्यांच्याच गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि म्हणाली, "हा पूल तुमच्याच सत्तेत सुरू झाला ना?" त्यांनीही मग आम्हाला नावं ठेवायला सुरुवात केली.

माझ्याकडे येणारे निरोप बंद झाले. ओळखीच्या एका घरून विणलेला संच परत आला. न बोलता, शेजारच्यांच्या हातून.

मुलाला कंपनीत टोमणे बसत होते. एके दिवशी तो जेवता जेवता थांबला. "लोक मला विचारतात, तुझी पोरगी कुठली, लालवाली की निळीवाली. मी काय सांगू?"

सून म्हणाली, "पिवळी सांगा."

तो ताटावरून उठला. "आपलं दुःख हाय ते. घरात ठेवायचं. रस्त्यावर मांडायचं नाय."

"रस्त्यानं नेलं तिला," ती म्हणाली. "घरात काय झालं नव्हतं."

तो बाहेर गेला आणि अंगणात बाईकजवळ बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मला माहीत होतं, तो काचांवर हात आपटत धावला होता ते त्याच्या अंगातून अजून गेलेलं नाही. पण ते दोघं एकमेकांना हे सांगू शकत नव्हते, आणि मी मधे पडले तरी शब्द माझेच व्हायचे.

सगळ्यात कठीण गेली ती एक बाई. हायवेलगतच्या गावातली, माझ्याच वयाची, डोक्यावर पदर. आम्ही सळयांपाशी असताना ती रस्ता ओलांडून आली आणि तिने थेट हात जोडले. "माझी सून दिवसात हाय. रोज ह्याच वाटेनं जाते, हे बघते आणि घरी येऊन जेवत नाय. पाया पडते गो बाय तुमच्या. काढा हे."

तिच्या जागी मी असते तर मीही आलेच असते. मी सुनेकडे बघितलं. ती उठून त्या बाईच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मावशी, काढते मी. आत्ता काढते. फक्त मला सांगा, तिची वेळ आली की तिला कुठल्या रस्त्यानं नेणार?"

बाजूने ट्रक गेला, चिखल उडाला, तिघींच्या साड्यांवर बसला. मग ती बाई पदराने तोंड पुसत परत गेली. काढा म्हणालीही नाही आणि राहू द्या म्हणालीही नाही. सून त्या दिवशी पहिल्यांदा रडली, तिथेच, सळईला धरून. मी तिला धरलं. जाणाऱ्या एसटीतली माणसं बघत होती. बघू दे, असं मला वाटलं.

पोलिसांनी दोनदा बोलावलं. दमदाटी केली नाही. समोरचा तरुण हवालदार म्हणाला, "मावशी, माझं घर पण त्याच रस्त्यावर हाय. पण वरून सांगितलंय, काढा म्हणून." आम्ही नाही काढलं.

गणपतीच्या तोंडावर मंत्र्यांचा पाहणी दौरा ठरला. मुंबईची माणसं कोकणात यायची असतात, तेव्हा दरवर्षी खड्ड्यांत खडी पडते. त्या सकाळी आम्ही गेलो तर सळया उघड्या. कडेला डांबराच्या पिंपाशेजारी राख होती, तिच्यात वितळलेल्या लोकरीच्या काळ्या गाठी. आमची लोकर साधीच, प्लॅस्टिकसारखी वितळणारी. एक कामगार खाली मान घालून म्हणाला, "साहेबांनी सांगितलं." तो बाहेरगावचा, पोटासाठी आलेला. त्याला काय बोलणार. सून राखेशी बसली, बोटांनी उकरू लागली. हाताला पोळलं तरी थांबेना. शेवटी मी तिला ओढून उठवलं.

दुपारी गाड्यांचा ताफा आला आणि न थांबता गेला.

त्यानंतर ती माझ्याबरोबर रोह्याला आलीच नाही. उलट दिशेची एसटी धरून पेणला वडिलांकडे गेली. कारखान्यात तेव्हा रात्रंदिवस काम चाललेलं. ती तिथे मूर्ती पुसायला, कागद गुंडाळायला बसायची. मी आठवड्यातून एकदा जायचे. ती चहा करायची. रोह्याचं नाव मी काढलं की कप विसळायला उठायची. बायकांपैकी काहींनी पुन्हा टोपरी नेऊन बांधली, ती पुन्हा काढली गेली. मग पाऊस सरला, खडी उखडली आणि येणंही विरळ झालं.

दिवाळीनंतर मुलगा स्वतः पेणला गेला. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. तो एकटाच परत आला आणि ओटीच्या पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाला, "ती म्हणते, परत मूल होईल तर पेणलाच होईल. तिथून पुढचा रस्ता बरा हाय. बाळंतपणाला गडबवरून परत जाणार नाय म्हणते."

"मग?"

"मग खोली बघितली तिथं."

तिचं बरोबर होतं.

आता ती दोघं पेणला राहतात. त्याची कंपनी धाटावलाच आहे, दुसरी नोकरी मिळेना. म्हणून तो पेण ते धाटाव, धाटाव ते पेण, बाईकवर, सगळ्या शिफ्टना, त्याच खड्ड्यांतून जातो. तिने पुढच्या बाळाला वाचवायचा रस्ता शोधला, आणि त्यापायी माझा मुलगा रोज त्या रस्त्यावर आला. हे तिलाही कळतं. तो निघाला की ती मला फोन करते. फोनवर आम्ही फार बोलत नाही. "हे निघाले," ती म्हणते. मी "बरं" म्हणते. मग तो पोचल्याचं कळेपर्यंत आम्ही दोघी आपापल्या घरात, हातातलं काम न टाकता, बसून राहतो.